ओळीला लागलेलं नाव

आमच्या ऑफिसात समिती नेमली गेली आणि पहिल्याच दिवशी तिला नाव पडलं: नावं ठेवणारी समिती. काम खरोखर तेच होतं. कोडमध्ये एखादी संख्या किंवा मजकूर साठवायचा तर त्यासाठी एक डबा करावा लागतो, आणि डब्याला नाव द्यावं लागतं. ती नावं कशी असावीत, ओळ किती लांब असावी, महिरपी कंस त्याच ओळीत उघडायचा की खालच्या ओळीत, हे आम्ही ठरवायचं, आणि मग जो तसं लिहिणार नाही त्याला नावं ठेवायची. समितीत तिघं होतो. हेडमास्तर, खोडी आणि मी.

हेडमास्तर म्हणजे आमचे टीमप्रमुख. खुर्च्या टेबलाच्या काठाशी समांतर लावल्याशिवाय मीटिंग सुरू करत नाहीत, म्हणून हे नाव. खोडी म्हणजे टेस्टर. दुसऱ्यांच्या कामात खोडी काढणं हीच तिची नोकरी, आणि ती घरीही नोकरी सोडत नाही असं तिचा नवरा म्हणतो. मला का घेतलं ते मला कुणी सांगितलं नाही, पण कारण उघड होतं. त्या दिवसांत मी कशालाच नाही म्हणत नव्हते.

आमचं सॉफ्टवेअर शहरातल्या बसथांब्यांवर चालतं. थांब्यावर जी पाटी असते, अमुक बस इतक्या मिनिटांत येईल असं सांगणारी, ती आमची. लोक तिला शिव्या देतात. आम्हाला सवय आहे.

ह्या कोडचा निम्म्याहून जास्त भाग माझ्या नवऱ्यानं लिहिलेला आहे. तो याच टीममध्ये होता. मागच्या वर्षी एका साध्या मंगळवारी तो बुटाची नाडी बांधायला म्हणून ऑफिसच्या जिन्यात टेकला, आणि उठलाच नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मला जे झालं त्याला दुःख म्हणायला माझी जीभ वळत नाही. दुःखात माणूस रडतं तरी. मला भूक लागत होती, झोप येत होती, मी वेळेवर ऑफिसला जात होते. दात काढताना इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो ना, तसं सगळं चाललं होतं. लोक म्हणायचे, किती धीराची आहे. मी ऐकून घ्यायचे. धीर वगैरे काही नव्हतं, नुसती भूल होती.

समितीच्या मीटिंगा दुपारी व्हायच्या, कॉफीच्या मशीनशेजारच्या छोट्या खोलीत. पहिला वाद अर्थातच जागांचा. ओळ आत सरकवताना चार जागा सोडायच्या की दोन, यावरून आमच्या धंद्यात संसार मोडतात. आमच्या घरातही हाच वाद होता. मी दोनवाली, तो चारवाला. लग्नानंतर एकदा जेवताना आम्ही यावरून इतके भांडलो की सासूबाई ताटावरून उठून आल्या. "कशाला भांडताय जागांवरून? चार कुठल्या, दोन कुठल्या? आपल्याकडे आहे ती एकच, हीच!" त्यांना वाटलं जमिनीचं काहीतरी आहे. तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

"तर चार की दोन?" हेडमास्तरांनी विचारलं.

"चार," मी म्हटलं.

खोडीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी वहीवर चार लिहिलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. मला काही वाटलं नाही. चार काय नि दोन काय.

मग नियमांची रांगच लागली. महिरपी कंस त्याच ओळीत. मधे कोऱ्या ओळी एकापेक्षा जास्त नकोत. प्रत्येक बदल मूळ कोडमध्ये घालताना त्याच्या बारीकसारीक नोंदी एकत्र बांधून एकच नोंद करायची, म्हणजे इतिहास वाचायला सोपा. ह्याला हेडमास्तर 'गाठोड्याचा नियम' म्हणायचे आणि त्यांचा तो लाडका होता. "एक बदल, एक गाठोडं," ते टेबलावर बोट आपटून म्हणाले. मी हात वर केला. बाजूनं. मी सगळ्याच्या बाजूनं हात वर करत होते, आणि तेव्हा कॉफीच्या मशीनमधून शेवटचे थेंब कसे पडतात ते बघत होते.

शेवटी आली डब्यांची नावं. सगळी इंग्रजीत आणि अर्थपूर्ण हवीत, असा नियम. कुठली नावं नियमात बसत नाहीत ते हेडमास्तरांनी पडद्यावर लावलं. खाली सरकवता सरकवता एका जागी त्यांचा हात थांबला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: ugach.

उगाच.

हा त्याचा शब्द. दुपारी जागेवरून मला फोन करायचा, खरं तर दोन टेबलं सोडून बसायचा. काय रे? उगाच. रस्त्यात थांबून दुकानातला रंगीत दोरा बघायचा, कशाला? उगाच. एखाद्या डब्याला पटकन नाव सुचलं नाही की तेच ठेवून द्यायचा, आणि नंतर बदलायचा विसरायचा.

खोडी कपाच्या तळाशी काहीतरी शोधायला लागली. हेडमास्तरांनी घसा साफ केला. "ह्याला आपण अपवाद करू."

"करा ना बदल," मी म्हटलं. "नियम आहे तर आहे."

"नको, नको. राहू दे." त्यांनी नियमांच्या खाली खरंच एक टीप लिहिली: ह्या नावाला हात लावू नये. मला त्यांची दया आली असती, पण तेवढंही आत काही हललं नाही.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. त्यासाठी एक आज्ञा सांगायला हवी. कोडमधल्या कुठल्याही ओळीवर शेवटचा हात कुणाचा फिरला, ते दाखवणारी एक आज्ञा असते. ती दिली की डाव्या बाजूला एक पट्टा उघडतो आणि प्रत्येक ओळीसमोर नाव नि तारीख दिसते. इंग्रजीत ह्या आज्ञेचं नाव दोष देण्यावरून पडलंय. आम्ही त्याला 'नाव काढणं' म्हणतो. बिघाड सापडला की खोडी जागेवरून ओरडते, "नाव काढा रे त्या ओळीचं!" आणि ज्याचं निघेल त्यानं गपगुमान तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं. पोरांनी आपलं नाव काढावं म्हणून आईबाप जिवाचं रान करतात. आमच्याकडे नाव निघू नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात.

मी रोज सकाळी आल्यावर त्याची एक फाइल उघडायचे आणि नाव काढायचे. पट्ट्यात वरपासून खालपर्यंत त्याचंच नाव यायचं, ओळीमागून ओळ. मी काही वाचायचे नाही, नुसती बघायचे. मग फाइल बंद करून कामाला लागायचे. बाकी सगळीकडून त्याचं नाव निघत चाललं होतं. फोन, विजेचं बिल, दारावरचं टपाल. ऑफिसात त्याच्या टेबलावर प्रिंटर आला. इथे मात्र तो अजून कामावर होता.

एकदा संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं होतं, "त्यानं एवढी वर्षं केलं, त्यातलं काही उरलंय का गं?" मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि तो पट्टा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली गेल्या, सगळं तेच नाव असूनही एकही सोडलं नाही. मग पदरानं पडदा पुसला. "म्हणजे नाव राहिलं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून अधूनमधून विचारायच्या. झोपायला जाताना, गॅस बंद केलास ना, तशाच सुरात. "नाव आहे ना गं?"

"आहे, आई."

एवढंच. घरात आम्ही दोघीच, आणि बोलायला फारसं नसायचं. नावावरून आमचं जुनं वैर होतं, तेही आता थंड झालं होतं. लग्नानंतर मी त्याचं आडनाव लावलं नाही. माझं तेच ठेवलं. तो म्हणाला, बरं. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, फक्त पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना दर वेळी एक लांब श्वास घ्यायच्या. तो श्वास मी वर्षानुवर्षं ऐकला.

तर नियम ठरले. आता जुना सगळा कोड नियमात आणायचा. हे हातानं कुणी करत नाही, त्याला एक प्रोग्राम असतो. तो एकदा फिरवला की वाकडंतिकडं सगळं सरळ होतं. आम्ही त्याला इस्त्री म्हणतो. पण इस्त्री प्रत्येक ओळीवरून फिरते, निदान ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह तरी बदलते. म्हणजे प्रत्येक ओळीवर शेवटचा हात इस्त्री फिरवणाऱ्याचा. म्हणजे पट्ट्यात नाव त्याचं.

हे मला ठाऊक होतंच, पण खोडीनं येऊन सांगितलं. खुर्ची ओढून बसली, आवाज खाली आणला. "हेडमास्तर शुक्रवारी फिरवणार आहेत. तुला कळतंय ना काय होईल?"

"कळतंय."

"मग?"

"मी फिरवते."

त्याच्या ओळींना हेडमास्तरांचं नाव लागलेलं मला चाललं नसतं. इतक्या महिन्यांत नको वाटलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही मी पगारपत्रक मागावं अशा आवाजात सांगितली. खोडीनं खुर्ची जागेवर सरकवली. मग म्हणाली, "वगळणीच्या फाइलचं लक्षात ठेव."

त्यावर उपाय होताच. एक छोटी फाइल करायची, तिच्यात इस्त्रीच्या नोंदीचा क्रमांक लिहायचा. मग नाव काढताना ती आज्ञा तेवढी नोंद सोडून देते आणि तिच्यामागचं खरं नाव दाखवते. एका ओळीचं काम.

शुक्रवारी मी इस्त्री फिरवली. त्याच्या फाइली उघड्या ठेवून बघत होते. बरोबरीची चिन्हं तो एकाखाली एक आणून ठेवायचा, कवायतीला उभी केल्यासारखी. ती मोडली. दोन कामांच्या मधे तो तीन तीन कोऱ्या ओळी सोडायचा, म्हणायचा, वाचणाऱ्याला श्वास घेऊ दे. त्या गेल्या. आत चार जागा होत्या त्या राहिल्या, कारण चारसाठी मी हात वर केला होता. सगळं नीट, एकसारखं झालं. कुणीही लिहिलेलं असावं असं. मी वगळणीच्या फाइलीत माझ्या नोंदीचा क्रमांक घातला, दोनदा तपासला आणि बदल पुढे पाठवला. हेडमास्तरांनी तो मूळ कोडमध्ये घेतला.

सोमवारी सकाळी आल्यावर मी रोजच्यासारखं नाव काढलं.

पट्ट्यात माझं नाव होतं. वरपासून खालपर्यंत. माझं नाव, माझं आडनाव, शुक्रवारची तारीख. दुसरी फाइल उघडली, तेच. तिसरी, तेच. मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी बसले.

हेडमास्तर धावत आले. त्यांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. गाठोडं!"

खरंच तेच झालं होतं. मी दोन नोंदी पाठवल्या, एक इस्त्रीची आणि एक वगळणीच्या फाइलीची. नियमाप्रमाणे त्या मूळ कोडमध्ये जाताना बांधून एकच झाल्या, आणि त्या गाठोड्याला नवा क्रमांक मिळाला. मी लिहिलेला क्रमांक आता कशाचाच नव्हता. नियमाच्या बाजूनं माझाही हात वर होता.

"एका ओळीचं काम आहे," हेडमास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "नवा क्रमांक घालायचा, की झालं. फक्त... आजपासून गोठवण आहे." नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी आमच्याकडे कोड गोठवतात. दोन आठवडे बिघाड दुरुस्तीशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. "तुम्ही म्हणत असाल तर मी नियम मोडून..."

"नको. नियम आहे तर आहे."

रात्री सासूबाईंनी दिवा मालवता मालवता विचारलं, "नाव आहे ना गं?"

"आहे," मी म्हटलं. खोटंही नव्हतं ते. कुणाचं, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

पण आत काहीतरी टोचायला लागलं होतं. भूल उतरताना आधी दुखत नाही, नुसत्या मुंग्या येतात. सकाळी मी फाइल उघडायचे, माझं नाव बघायचे, आणि कुणीतरी माझ्यावर नसता आळ घेतल्यासारखं वाटायचं.

गोठवणीच्या पहिल्याच आठवड्यात खोडी जागेवरून ओरडली, "नाव काढा रे त्या ओळीचं!" आणि मग तरातरा माझ्या टेबलाशी आली. हातात तक्रारीचा कागद. "बाई, तुझी ओळ. दवाखान्याजवळच्या थांब्यावर लोक अर्धा तास उभे. बस कधीच बंद पडलीय, आणि पाटी म्हणतेय 'येत आहे', 'येत आहे'. एका म्हाताऱ्या माणसाचा दवाखान्यातला नंबर गेला. अर्धा तास कोण थांबवतं गं माणसांना? डोकं ठिकाणावर होतं का लिहिताना?"

मी ओळ उघडली. बसकडून संदेश यायचा थांबला, तर किती मिनिटं वाट बघून ती पाटीवरून काढायची, ती संख्या तिथे होती. ज्या डब्यात होती त्याचं नाव ugach. त्यात तीस.

खोडीनंही ते वाचलं. तिचा चेहरा उतरला. "अगं... ही तुझी नाही. मी बघितलंच नाही, नाव निघालं म्हणून सरळ आले. सॉरी. राहू दे. आपण नंतर..."

"नंतर काय?"

ती जायला वळली.

"ही तक्रार पहिलीच आहे?"

तिनं कागद उलटा केला, सुलटा केला. "आधी पण आल्या होत्या. चार-पाच. आम्ही म्हटलं, सध्या राहू दे."

म्हणजे वर्षभर लोक थांब्यावर उभे राहत होते आणि टीममधलं कुणी त्या ओळीला हात लावत नव्हतं, माझ्यासमोर तिचा उल्लेखही करत नव्हतं. त्याच्या फाइली उघडताना लोक आवाज खाली आणत होते. मला वाटत होतं तो तिथे कामावर आहे. कसला कामावर! कामावरच्या माणसाला कुणी इतकं सांभाळून घेत नाही.

आणि मग मला राग आला. खोडीचा नाही, त्याचा. असा आला की कानशिलं तापली. "गाढव!" मी मोठ्यानं म्हटलं. दोन टेबलांपलीकडचे वळून बघायला लागले. "शंभरदा सांगितलं होतं ह्याला, तीस ठेवू नकोस! पाच मिनिटांत खबर आली नाही तर ती बस येत नाही, काढ पाटीवरून! तर म्हणे, 'येईल गं, लगेच काय काढायची? तूर्तास राहू दे.' तूर्तास! ह्याचं तूर्तास कधी संपलंय का? बाथरूमचा नळ तूर्तास दोऱ्यानं बांधलाय, तीन वर्षं झाली!"

खोडी उभीच होती. मग हळूच म्हणाली, "माझ्याशीही भांडला होता ह्यावरून. मी त्याला म्हटलं होतं, तू स्वतः एकदा अर्धा तास थांब."

"मग?"

"म्हणाला, थांबेन की."

आम्ही दोघी हसलो का, ते आठवत नाही. पण ती खुर्ची ओढून बसली, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर कुणी त्याला मनापासून नावं ठेवली. मीही ठेवली. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तेही म्हणाले, "मीटिंगला वेळेवर कधी आला नाही हो तो."

बिघाड होता, त्यामुळे गोठवणीत चालणार होतं. मी तीसचे पाच केले आणि ती दुरुस्ती त्याच दिवशी थांब्यांवर चढवली. डब्याचं नाव तेच ठेवलं.

त्या शनिवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. परत येताना थांब्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. डोळ्यांत थेंब घातलेले, तरी त्यांनी मान वर करून पाटी वाचायचा प्रयत्न केला. थांब्यावर आल्या की त्या पाटीकडे बघतातच. शेजारी कुणी अनोळखी असेल तर सांगतातही, माझ्या मुलानं केलंय.

"काय म्हणतेय?"

"आपली बस येत आहे म्हणतेय."

आम्ही बसून राहिलो. रस्त्यावरून बाकीच्या बसगाड्या गेल्या. आमची आली नाही. थोड्या वेळानं मी वर पाहिलं, तर पाटीवर आमच्या बसची ओळच नव्हती.

"आता काय म्हणतेय?"

"गेली, आई. ओळ काढली तिची."

"काढली? आत्ता तर येत होती."

"वाटेत बंद पडली असेल. तिच्याकडून काही खबर नाही, म्हणून काढली. नाही तर लोक उगाच थांबून राहतात."

"त्याचं असं नव्हतं. त्याची पाटी शेवटपर्यंत येत आहे म्हणायची. मी किती वेळा थांबलेय."

"हो. ते मी बदललं."

"तू?" त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. थेंबांमुळे त्यांना माझा चेहरा धडपणे दिसत नसणार. "मग त्याचं नाव? आहे ना तिथे?"

बाकावर दुसरं कुणी नव्हतं. मला 'आहे' म्हणता आलं असतं. दर वेळी म्हणतच होते.

"नाही, आई. चूक झाली. एका ओळीला नाही, सगळ्यांनाच माझं नाव लागलंय. त्यानं लिहिलेल्या सगळ्या ओळींना. त्याचं खाली आहे, खणून काढलं तर सापडतं. पण वर माझंच दिसतं. दुरुस्त करता येतं, एका ओळीचं काम आहे. पुढचा आठवडा गेला की करणार आहे मी."

त्यांनी हातातला रुमाल घडी केला, उलगडला, परत घडी केला. मग तो लांब श्वास घेतला. पाहुण्यांसमोर घ्यायच्या तोच. मी वाट बघत बसले, आता काय ऐकावं लागणार म्हणून.

"लग्नात एवढा हट्ट केलास," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव लावलं नाहीस ते नाहीसच. शेवटी त्याला तुझं लावायला लावलंस."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत होत्या. थेंबांचं पाणी गालावरून चाललं होतं, की थेंबांचं नव्हतं.

मला आधी हसू आलं. हसता हसता नाकातून पाणी आलं, मग ते थांबेना, आणि मग मी थांब्यावर बसून मोठ्यानं रडले, एखाद्या पोरीनं बाजारात रडावं तशी. रस्त्यापलीकडचा एक माणूस थांबून बघत होता, बघू दे म्हटलं. सगळं दुखत होतं. गाल माझा होता, नाक माझं होतं. सासूबाईंनी तो घडी केलेला रुमाल माझ्या हातात कोंबला. "पूस. दुसरी बस बघ कुठली आहे. इथे काय मुक्काम करायचाय?"

गोठवण संपली त्या सोमवारी हेडमास्तर माझ्या टेबलाशी आले. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर गाठोड्याचा नवा क्रमांक, स्वच्छ अक्षरात. "हे घ्या. वगळणीच्या फाइलीत एवढी एक ओळ घातली की झालं. त्याचं नाव परत वर येईल."

पलीकडून खोडी ओरडत होती, पाटीच्या आणखी एका ओळीचं नाव काढलं होतं तिनं, आणि ते माझं निघालं होतं. मला उठून जायचं होतं. जाऊन भांडायचं होतं, आधी तिच्याशी आणि मग त्याच्याशी.

मी चिठ्ठी घडी करून खणात ठेवली. "राहू दे, सर."

"राहू दे? अहो, पण का?"

"उगाच," मी म्हटलं.